बऱ्हाणपूरचं एक तिकीट



आपल्या खानदेशाचं नाव एका जगप्रसिद्ध फ्रेंच कादंबरीत आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? लेखकाचं नाव ज्यूल व्हर्न. त्याच्या अनेक कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या. (हो, हो, फास्टर फेणेवाले भागवतच!) व्हर्ननं 1872 साली फिलिअस फॉग नावाच्या इंग्रज गृहस्थाची गोष्ट लिहिली. हा फॉग पैज लावतो, की 80 दिवसांत पृथ्वीला फेरी मारून दाखवीन. त्याच्या हिशेबात मुंबई ते कलकत्ता या प्रवासाला फक्त 3 दिवस धरलेले आहेत. का? तर हिंदुस्थानात आता रेल्वे झाली म्हणून!

ती रेल्वे म्हणजे आपलीच बरं का. मुंबईहून निघून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ, बऱ्हाणपूर अशी जाणारी. मुंबई-कलकत्ता हा लोहमार्ग खरोखरच 1870 साली जोडला गेला. म्हणजे व्हर्नसाठी ती अगदी ताजी बातमी होती.

फॉग आणि त्याचा नोकर पासपार्तू सकाळी खानदेशातून जातात. या भागाचं वर्णन करताना व्हर्न सांगतो, की इंजिनाचा धूर कापूस, कॉफी, जायफळ, लवंग आणि मिरीच्या मळ्यांवर पसरत होता. वाचून मला हसूच आलं. कापूस अगदी बरोबर. पण खानदेशात लवंग? आपल्याकडे लवंग किराणा दुकानातल्या बरणीत पिकते! पुढे तो आपल्या तापीला चक्क छोटी नदी म्हणतो. 724 किलोमीटर लांबीची तापी छोटी? मग दुपारी साडेबाराला गाडी बऱ्हाणपूरला थांबते आणि पासपार्तू तिथे खोट्या मोत्यांनी मढवलेल्या सपाता विकत घेतो.

व्हर्न भारतात कधी आलाच नव्हता. पुस्तकं, नकाशे आणि वर्तमानपत्रं समोर ठेवून त्यानं हे सारं लिहिलं. इतका मोठा लेखक, पण डोळ्यांनी न पाहिलेलं कुठेतरी निसटतंच. आपण तर बऱ्हाणपूरच्या शेजारचे. तरी आपल्यापैकी कितीजणांनी ते पाहिलंय? मीही पाहिलं नव्हतं. म्हणून गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळची शाळा सुटली, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी टाकली आणि जळगाव स्टेशनाच्या खिडकीवर बऱ्हाणपूरचं एक तिकीट मागितलं.

एकच. मी एकटीच निघाले होते.

आता एकट्यानं जाण्यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. सांगते. चारचौघांबरोबर गेलं, की आपण त्यांच्या मागोमाग चालतो. फलाट कोणता ते काका बघतात, पाणी मावशी भरते, उतरायचं कधी ते बाबा सांगतात. एकटं असलं, की हे सगळं आपल्याकडे येतं. गाडीचा पाच आकडी नंबर आपणच वाचायचा. उद्घोषणा कान देऊन ऐकायची. फलाट बदलला का, ते आपणच विचारायचं. आणि गंमत म्हणजे, गप्पा मारायला कुणी नसल्यामुळे आपण खिडकीबाहेर नीट बघू लागतो.

रुळांच्या कडेला किलोमीटरचे खांब असतात. त्यांवरचे आकडे मुंबईपासून मोजलेले. जळगाव 420 च्या आसपास, भुसावळ 444, बऱ्हाणपूर 498. मग जळगाव ते बऱ्हाणपूर किती? करा वजाबाकी! भुसावळ सोडलं की गाडी तापीच्या पुलावर चढते. पूल चांगला लांब आहे. मी मनात म्हटलं, बघा व्हर्नसाहेब, ही तुमची छोटी नदी! मग दुसखेडा, सावदा, निंभोरा, रावेर अशी स्टेशनं आणि दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती हीच केळी. व्हर्ननं आमच्या केळी काही लिहिल्या नाहीत. तो आला असता, तर त्याला पानोपानी केळीच लिहाव्या लागल्या असत्या.

समोरच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. रावेरला उतरणार होत्या. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "कुठं चालली वं माय, एकटीच?"

"बऱ्हाणपूरला, आजी. शहर बघायला."

"सोबत कोनी नाही?"

"नाही."

आजी जरा गप्प झाल्या. मग त्यांनी नातीचं सांगितलं. नात सातवीत. अभ्यासात हुशार. पण गावातली शाळा सातवीपर्यंतच. आठवीची शाळा एसटीनं अर्ध्या तासावर. गावातून तिच्या वर्गातली दुसरी मुलगी पुढे शिकणार नाही, म्हणून हिलाही घरीच ठेवायचं चाललंय. कारण एकच. सोबत कोण?

मुलांनो, मी शिक्षिका आहे. हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे. पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला एसटीचा पास मोफत मिळतो. पण पास मिळतो म्हणून पाऊल उचलतंच असं नाही. पहिल्या दिवशी एकटीनं बसमध्ये चढायचं, ही गोष्ट शिकवावी लागते. पाढे शिकवतो तशी.

मी आजींना म्हटलं, "पहिले दोन दिवस तुम्ही तिच्या शेजारी बसून जा. मग दोन दिवस त्याच बसमध्ये, पण मागच्या बाकावर बसा. मग दोन दिवस नुसतं स्टँडवर सोडा. सातव्या दिवशी ती तुम्हाला सांगेल, आजी, तू घरीच थांब."

आजी हसल्या. "तिच्या बापाशी बोलते," म्हणाल्या आणि रावेरला उतरून गेल्या. पुढे काय झालं, मला माहीत नाही. ती मुलगी हे पान वाचत असेल, तर तिनं मला जरूर पत्र पाठवावं.

बऱ्हाणपूरला उतरले तेव्हा ऊन उतरलं होतं. हे शहर आज मध्य प्रदेशात आहे, पण जुन्या खानदेशाची राजधानी हीच! फारूकी घराण्यातल्या राजांनी इथून राज्य केलं. 1601 साली जवळचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती पडला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. धुळे आणि जळगाव ही जिल्ह्याची ठिकाणं झाली ती फार नंतर, इंग्रजांच्या काळात. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे पडले, तेच आपले जळगाव आणि धुळे.

स्टेशनाजवळच्या एका साध्या लॉजवर ओळखपत्र दाखवलं. रजिस्टर पुढे सरकवत तिथल्या माणसानं विचारलं, "साथ में कौन है?" मी म्हटलं, "कोई नहीं, मैं अकेली हूँ." त्यानं मान हलवली आणि किल्ली दिली. झालं! ज्या प्रश्नाचा आपण घरी इतका बाऊ करतो, त्याचं उत्तर द्यायला एवढा एकच क्षण लागला.

खरं सांगू? संध्याकाळी सात ते नऊ हा वेळ मात्र जड गेला. जेवायला एकटं बसलं, की उगाच वाटतं, सगळे आपल्याकडेच बघताहेत. कुणी बघत नसतं. मी घरी फोन केला, खोलीची कडी दोनदा तपासली आणि वही काढून दिवसभरातलं लिहीत बसले. लिहिता लिहिता नऊ वाजले.

रविवारी सकाळी तापीकाठचा शाही किल्ला पाहिला. त्यातल्या हमामखान्याच्या छतावर रंगीत नक्षी अजून शिल्लक आहे. शाहजहानची बेगम मुमताजमहल 1631 साली याच शहरात वारली. तिला आधी पुरलं ते नदीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत. काही महिन्यांनी तिचा देह आग्र्याला नेला. म्हणजे ताजमहालाची गोष्ट यमुनेच्या नाही, आपल्या तापीच्या काठी सुरू होते!

मग जामा मशीद. 16व्या शतकाच्या अखेरीस फारूकी राजानं बांधलेली. तिथे अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. मशिदीत संस्कृत! मी तिथे बराच वेळ उभी होते. घाई करायला कुणी नव्हतं, हा एकटं असण्याचा फायदा.

शेवटी कुंडी भंडारा. 1615 च्या सुमाराची ही पाण्याची योजना. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणलं आहे. वर ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. ही युक्ती इराणातून आलेली. इतक्या वर्षांनंतरही खाली पाणी वाहतं आहे. परतताना गरम मावा जिलबी घेतली. मोत्यांच्या सपाता काही दिसल्या नाहीत.

युरोपात तर मुलामुलींनी असा प्रवास करावा, म्हणून मुद्दाम सोय केली जाते. तिथे 1972 साली इंटररेल नावाचा पास निघाला. तेव्हा 21 वर्षांपर्यंतच्या तरुणांना एका पासावर महिनाभर 21 देशांत रेल्वेनं फिरता येई. 2018 पासून युरोपीय संघ दरवर्षी 18 वर्षांच्या हजारो मुलामुलींना निवड करून रेल्वेचा पास फुकट देतो. पाठीवर पिशवी टाकून ती मुलं शनिवार-रविवार पॅरिसला, प्रागला, व्हिएन्नाला जातात. आपल्याकडे पॅरिस नाही, पण बऱ्हाणपूर आहे. शिकायचं तेच आहे.

धुळ्याच्या मित्रांनो, रुसू नका. पहिला धडा गिरवायला तुमच्यासारखी गाडी जळगावकरांकडेही नाही. धुळे-चाळीसगाव हा फाटा 1900 साली सुरू झाला. त्यावरची मेमू एका टोकाला निघते आणि दुसऱ्या टोकाला संपते. प्रवास तासाभराचा. शेवटच्या स्टेशनावर गाडीच संपते, मग उतरायचं विसराल कसे?

आता पालकांसाठी दोन शब्द. मूल एकदम एकटं होत नाही, त्याला पायऱ्या हव्यात. तिसरी-चौथीत त्याला खिडकीवर तिकीट काढू द्या, तुम्ही मागे उभे राहा. (5 ते 12 वर्षांच्या मुलांना जनरलच्या डब्यात अर्धं तिकीट लागतं, हे त्यालाच विचारू द्या.) पाचवी-सहावीत वेळापत्रक त्याला वाचू द्या. आठवी-नववीत दिवसाउजेडी, ओळखीच्या मार्गावर, पलीकडे कुणी घ्यायला येणार असेल तर जाऊ द्या. मुक्कामाचा प्रवास 18 वर्षांनंतर. आणि या पायऱ्या मुलाला आणि मुलीला सारख्याच. मुलाला सायकल आणि मुलीला सोबत, असं नको.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी तीन नियम. पहिला, घरी न सांगता गेलं तर त्याला प्रवास म्हणत नाहीत, पळून जाणं म्हणतात. जाताना गाडी, वेळ आणि परतायची वेळ घरी लिहून ठेवायची. दुसरा, काही विचारायचं असेल तर गणवेशातल्या माणसाला किंवा मुलांबरोबर असलेल्या बाईला विचारा. अनोळखी माणसानं दिलेलं खायचं नाही आणि त्याच्याबरोबर कुठे जायचं नाही. तिसरा, दोन नंबर पाठ करा. रेल्वेच्या मदतीसाठी 139 आणि मुलांच्या मदतीसाठी 1098.

फिलिअस फॉगनं सगळ्या पृथ्वीला फेरी मारली, पण त्याचं लक्ष घड्याळात आणि पत्त्यांच्या डावात. खिडकीबाहेर डोळे विस्फारून बघायचा तो पासपार्तू! तुम्ही पासपार्तू व्हा.

या आठवड्याचा गृहपाठ. एक, घरातल्या मोठ्यांबरोबर जवळच्या स्टेशनावर किंवा एसटी स्टँडवर जा आणि तुमच्या गावाहून दोन तासांत पोचता येईल अशा पाच ठिकाणांची नावं, गाडीची वेळ आणि भाडं लिहून आणा. दोन, हे कोडं सोडवा. एक गाडी रविवारी 00:10 वाजता सुटते. ती पकडायला घरून शनिवारी निघावं लागेल की रविवारी? उत्तर पत्रानं कळवा. बाबांना विचारू नका हं, आधी एकट्यानं विचार करा!

तुमच्या बाई