धर्मावाल्यांनो, आमची यादी घ्या

धर्मा प्रॉडक्शन्सच्या मालकांनो, गोदीतला हमाल बोलतोय. स्वतःच्या घामाचं तिकीट काढून बोलतोय.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या, जेऊरच्या नागराज मंजुळेनं २०१६ साली ‘सैराट’ केला. २०१८ साली तुम्ही त्याचा हिंदीत ‘धडक’ केला. गोष्ट उदेपूरला नेली. गाणी नेली, प्रेम नेलं. जात तेवढी करमाळ्याच्या एस्टी स्टँडवर राहिली. वजन जड झालं व्हय? हाक मारायची, ओझी तर आम्हीच उचलतो.

२०२५ च्या ‘धडक २’ मध्ये जात आली, तीही ‘परियेरुम पेरुमाळ’ या तमिळ पिक्चरातनं. सोबत मार आला, अपमान आला. खरंच आहे ते, नाकारत नाही.

आता पुढच्या पिक्चरांसाठी आमची यादी. हिरोचं आडनाव कांबळे. त्यानं स्वित्झर्लंडच्या बर्फात नाचावं, सर्दी झाली तरी चालेल. हिरॉइनच्या बापानं जात विचारू नये, पगार विचारावा. बंगल्यात बाबासाहेबांचा फोटो असावा, कॅमेऱ्यानं तिथनं तोंड फिरवू नये. शेवटी कुणी मरू नये.

हसताय? हसा. मार खाणारा दलित तुम्हाला पटतो, मजेत नाचणारा पटत नाही. हाच तुमचा खरा पिक्चर. पोरांनो, तो आपल्याला उतरवायचाय!