नाव वेगळे, खाते वेगळे

आम्ही कापडाचे व्यापारी; सर्किटचे नकाशे हा आमचा प्रांत नव्हे. पण अशाच एका नकाशात आमचे पैसे अडकले, म्हणून हे चार शब्द.

धागा तुटताच भरतकामाचे मशीन थांबावे यासाठी आमच्या पुतण्याने किकॅड या मोफत सॉफ्टवेअरवर बोर्ड आखला. वीस बोर्ड तयार होऊन आले. वीज लावली तर कनेक्टरवर 5 व्होल्ट हजर, चिपवर काहीच नाही!

या सॉफ्टवेअरमध्ये विजेची तार जागोजागी ओढत नाहीत. विजेच्या चिन्हाला नाव असते. ज्यांचे नाव एक, ते सर्व आपोआप जोडलेले धरले जातात, मग नकाशाची पाने कितीही असोत. आपल्या वहीसारखेच, एका नावाचे एक खाते. पुतण्याने कनेक्टरला ‘प्लस 5 व्ही’ नाव दिले. चिपचे चित्र त्याने जुन्या संग्रहातून घेतले होते. त्यात 14 नंबरचा विजेचा पाय लपवलेला, आणि त्याचे नाव ‘व्हीसीसी’. माणसाच्या मनात दोन्ही एकच, संगणकाकडे मात्र खाती दोन. ‘जीएनडी’ हे नाव दोन्हीकडे सारखे होते, म्हणून तेवढी बाजू जुळली.

तपासणीत सॉफ्टवेअरने तक्रार केलीच होती की या पायाला वीज देणारा कोणी नाही. ही तक्रार पुष्कळदा खोटीही असते, कारण कनेक्टरमधून वीज येते हे त्याला कळत नाही. अशा वेळी ‘पॉवर फ्लॅग’ हे चिन्ह लावतात. मुलाने दोन्हीकडे लावून टाकले. तक्रार मिटली! पण हा फ्लॅग ना वीज देतो, ना दोन नावे जोडतो. ‘वीज येते, जबाबदारी माझी’ एवढीच ती सही. माल न मोजता पावतीवर सही करणारा गुमास्ता आपण दुकानात किती दिवस ठेवू?

विजेचे पाय लपवण्याची सवय सोडलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. किकॅडच्या नव्या संग्रहात 74 मालिकेच्या चिपचे हे पाय उघडे दाखवले आहेत, ते योग्यच झाले. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाचे ‘ईसिम’ही मोफत आहे आणि त्यातही नकाशा किकॅडवरच काढतात. मोमिनपुऱ्यातली, कामठीतली मुले ते जरूर शिकोत. मात्र फ्लॅग लावण्याआधी वीज कोठून येते, हे उस्तादाने मुलाकडून नकाशावर बोट ठेवून वदवून घ्यावे.

पुतण्याने दोन रात्री जागून वीसही बोर्डांवर बारीक तारा जोडल्या. मशीन आता थांबते.