ऑफिसचा सर्व्हर घरून उघडताना

सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेली मुले-मुली आता आपल्या घराघरांत आहेत. त्यांचा एक प्रश्न नेहमीचा : "सर, ऑफिसात 192.168 ने सुरू होणारा पत्ता टाकला की डेव्हलपमेंट सर्व्हर उघडतो. घरी तोच पत्ता टाकला तर काहीच येत नाही. असं का?"

कारण हे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले असतात. 'माजघर' म्हटले की घरच्यांना कळते, पोस्टमनला त्यावर पत्र पोहोचवता येत नाही. घरचा लॅपटॉप तो पत्ता बहुधा आपल्याच घरात शोधत बसतो.

मग घाईत कोणी ऑफिसच्या राउटरवर पोर्ट उघडून सर्व्हर थेट इंटरनेटवर आणतो. कोणी गुपचूप ऑफिसच्या संगणकात बाहेरून चालवायचे अ‍ॅप टाकून ठेवतो. 'चाचणीचाच तर सर्व्हर, इथे कोण येणार?' असे वाटते. पण उघडी पोर्ट हुडकणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. शिवाय चाचणीच्या सर्व्हरवर पुष्कळदा खऱ्या ग्राहकांची नावे, मोबाइल नंबर आणि पत्ते उतरवून ठेवलेले असतात, आणि पासवर्ड मात्र सोपे असतात. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' हा व्हायरस विंडोजच्या 445 क्रमांकाच्या पोर्टमधून पसरला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना त्या वेळी रुग्णांच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

योग्य मार्ग दोन. पहिला व्हीपीएन : ऑफिसने दिलेले हे सॉफ्टवेअर घरापासून ऑफिसपर्यंत बंदिस्त वाट तयार करते आणि मग तोच खासगी पत्ता घरूनही उघडतो. दुसरा एसएसएच. विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी 1995 मध्ये ते तयार केले. यात किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची, खासगी किल्ली फक्त आपल्या लॅपटॉपवर. खासगी किल्लीला वेगळा पासवर्ड लावावा आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर कोणालाही, अगदी सहकाऱ्यालाही पाठवू नये. एसएसएचच्या बोगद्यातून सर्व्हरवरची वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्येही पाहता येते. दोन्हींसाठी ऑफिसच्या आयटी विभागाची परवानगी आधी घ्यावी.

घरच्यांनीही थोडी काळजी घ्यावी. कामाचा लॅपटॉप धाकट्यांच्या खेळासाठी देऊ नये. घरात एकच संगणक असेल, तर ऑफिसला तसे सांगून निदान प्रत्येकाचे खाते वेगळे करावे. मोबाइलवर आलेला ओटीपी फोन करणाऱ्याला सांगू नये, मग तो स्वतःला 'आयटीवाला' का म्हणवेना. लॅपटॉप हरवला तर ओरडा खाण्याच्या भीतीने मुले गप्प बसतात. अब्बा-अम्मींनी आधी धीर द्यावा आणि ऑफिसला त्याच क्षणी कळवायला सांगावे. वेळेत कळले तर ती किल्ली रद्द करता येते.

परवानगी यायला दोन दिवस लागले, तर दोन दिवस थांबावे. त्या सर्व्हरवर अनोळखी माणसांची माहिती आहे. ती त्यांची अमानत आहे, आपली मालमत्ता नव्हे.