चाळिशीतील मुरूम आणि फेशियलचा खर्च

घरातील लग्न महिन्यावर आले की पार्लरमध्ये वेळ मिळेनासा होतो. पस्तीस-चाळीस वर्षांची गृहिणी, दोन मुलांची आई, दुपारभर दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी. तिच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला दर महिन्याला दुखरे मुरूम उठतात. ‘या वयात हे कसले?’ असे सासूबाई विचारतात आणि पार्लरवाली सहा फेशियलवर एक मोफत देऊ करते. पैसे आगाऊ भरले जातात. उधारीवर माल देताना दहा वेळा विचार करणाऱ्या घरातही या रकमेच्या मोबदल्यात नेमके काय मिळणार, हे सहसा कोणी विचारीत नाही.

मुरूम हा केवळ कोवळ्या वयाचा विकार नव्हे. पंचविशीनंतर तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्येच अधिक आढळतो. संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेखालील तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात, मृत पेशींनी त्यांचे मुख बंद होते आणि आत साचलेल्या तेलात जंतू वाढून दाह सुरू होतो. पाळीपूर्वीच्या आठवड्यात मुरूम वाढतात, ते याच कारणाने. चेहरा अस्वच्छ राहिल्यामुळे हे घडते, हा समज चुकीचा आहे. दिवसातून सहा वेळा साबणाने तोंड धुणाऱ्या स्त्रीची त्वचा कोरडी पडून चुरचुरते; ग्रंथींचे काम मात्र थांबत नाही.

आता फेशियलविषयी. वाफ, मर्दन, काळी टोके काढणे आणि शेवटी लेप, हा त्याचा नेहमीचा क्रम. लेपातील माती वरचे तेल शोषून घेते आणि चेहरा तजेलदार दिसतो. काही तासांत तेल पुन्हा येते. कुशल हाताने काळी टोके काढली तर तात्पुरता लाभ होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु लाल, सुजलेला मुरूम दाबला तर दाह खोलवर पसरतो आणि आपल्याकडील सावळ्या-गव्हाळ त्वचेवर त्याचा काळसर डाग महिनोन् महिने राहतो. तेलकट क्रीमने केलेले दीर्घ मर्दन तर मुरमांना निमंत्रणच. लग्नाच्या दोन दिवस आधी प्रथमच एखादे नवे फेशियल करून घेण्याइतके अविचाराचे काम दुसरे नसेल.

त्वचारोगतज्ज्ञ करतात त्या रासायनिक पीलची गोष्ट वेगळी. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, म्हणून ते रंध्रात शिरून आतील बूच सैल करते. याचे २० ते ३० टक्क्यांचे द्रावण साधारणपणे पंधरा दिवसांच्या अंतराने काही वेळा लावतात. त्यानंतर उन्हापासून जपावे लागते. पीलही मूळ औषधाला पूरक असते, त्याची जागा घेत नाही.

मूळ औषध म्हणजे रात्री लावायचे अ‍ॅडापलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड. दुसऱ्याचे २.५ टक्के प्रमाणही बहुधा पुरते. त्याने उशीचे अभ्रे आणि टॉवेल यांचा रंग उडतो, म्हणून पांढरे वापरावेत. अ‍ॅडापलीन चालू असताना चेहऱ्यावर वॅक्स केल्यास त्वचा सोलून निघू शकते. पार्लरमध्ये हे आधी सांगितलेच पाहिजे. गर्भारपणात ते वापरीत नाहीत. परिणाम दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. तेव्हा लग्नासाठी चेहऱ्याची तयारी महिनाभर नव्हे, तीन महिने आधी सुरू व्हावयास हवी.

शेजारणीने सुचविलेल्या ‘उजळपणाच्या’ मलमाचा मोह मात्र सर्वांत महाग पडतो. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. आठवड्यात चेहरा निखरतो, मुरूम बसतात. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते आणि मलम थांबविताच मुरूम दुपटीने उसळतात. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. तरीही ती मागितल्यावर मिळतात, ही खेदाची बाब आहे.

पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून बीजकोशांची तपासणी करून घ्यावी. तेथे कोणतेही फेशियल उपयोगी पडत नाही. हट्टी मुरमांवर आयसोट्रेटिनॉइन गुणकारी आहे, पण गर्भाला ते अत्यंत घातक. उपचार चालू असताना आणि नंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावीच लागते. नवविवाहितेने ही गोष्ट संकोच न करता डॉक्टरांशी बोलावी.

जैन कुटुंबांसाठी आणखी एक बाब. या औषधाच्या मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. ‘कोलॅजन’ फेशियलमधील कोलॅजनही बहुधा मासे किंवा गुरे यांच्यापासून मिळते. पार्लरमध्ये डबी हातात घेऊन त्यावरील घटक वाचावेत. डॉक्टरांना चिठ्ठी लिहिण्यापूर्वीच आपला आचार सांगावा, म्हणजे लावावयाची मलमे किंवा गोळ्या यांपैकी चालण्याजोगा पर्याय त्यांना निवडता येतो.