जुनी गवतयंत्रे : शोभेची की कामाची?

गाणे शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने गवत कापण्याच्या यंत्रांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु जुनी वस्तू जपायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न आम्हां वाद्यांच्या सोबतीने राहणाऱ्यांना रोजचाच आहे. माझे वडील दरबारी कलावंत होते. बडोदे संस्थानात कलावंतांच्या खात्याला ‘कलावंत कारखाना’ असेच नाव होते. तेव्हा कारखान्याशी आमचे काहीच नाते नाही, असे कोणी म्हणू नये!

इंग्लंडात आणि अमेरिकेत जुनी गवतयंत्रे व बागेतले छोटे ट्रॅक्टर शोधून काढून दुरुस्त करण्याचा छंद गेल्या काही दशकांत चांगलाच रुजला आहे. इंग्लंडातील साउथपोर्ट गावी तर केवळ लॉनमोवरांचेच संग्रहालय आहे. या छंदी मंडळींत एक वाद नेहमी चालतो. एक पक्ष म्हणतो, यंत्र सुटे करावे, घासून रंगवून दुकानातून आल्यासारखे करावे. दुसरा म्हणतो, मूळचा रंग एकदाच मिळतो. गंजासकट आहे तसे राहू द्यावे. माझे मत असे की, दोन्ही पक्ष यंत्राच्या अंगाकडे पाहतात, कामाकडे पाहत नाहीत. जे यंत्र गवत कापत नाही, ते रंगवलेले असो वा गंजलेले, ते जपले गेले असे म्हणता येणार नाही.

या मताला आधार त्या यंत्रांच्या घडणीतच सापडतो. म्हणून आधी त्यांची थोडी कुळकथा.

ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउडचा परिसर लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध. तेथल्या गिरण्यांत कापडावर उभे राहिलेले तंतू एकसारखे कातरणारे यंत्र असे. ते पाहून एडविन बडिंग नावाच्या कारागिराला वाटले की, जे कापडावर चालते ते गवतावर का चालू नये? १८३० साली त्याने पेटंट घेतले. तोवर हिरवळ कापायची म्हणजे लांब दांड्याचे कोयते घेऊन, गवत दवाने ओले असताना, भल्या पहाटे माणसांची रांग लावावी लागे. बडिंगचे यंत्र बिडाचे, जड आणि खडखडाट करणारे होते. पण त्याची युक्ती अचूक होती. वळणदार पात्यांचा एक दंडगोल फिरतो, खाली एक स्थिर पाते असते, आणि दोहोंच्या मध्ये आलेले गवत कात्रीत सापडल्यासारखे कापले जाते. आजही क्रिकेटची खेळपट्टी आणि गोल्फची हिरवळ कापतात ती याच तत्त्वावर. दोनशे वर्षे होत आली, मूळ चीज तीच आहे. बदलली ती तिची बढत.

इप्स्विचच्या रॅन्सम्स कंपनीने १८३२ पासून परवाना घेऊन ही यंत्रे बनवली. पुढे मोठी यंत्रे घोड्यांनी ओढू लागले. खुरांचे व्रण हिरवळीवर उमटू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट घालीत. १८५९ साली लीड्सच्या टॉमस ग्रीनने दात्यांच्या चाकांऐवजी साखळीवर चालणारे यंत्र काढले आणि त्याला लॅटिनमध्ये ‘मुकाट्याने कापणारा’ अशा अर्थाचे ‘सायलेन्स मेसर’ हे नाव दिले. कानाला जपणारा हा कारखानदार मला त्या सर्वांत अधिक जवळचा वाटतो. १९०२ साली रॅन्सम्सने पेट्रोलचे यंत्र विकायला काढले, आणि १९२१ साली बर्मिंगहॅमच्या ‘ॲटको’ने मोटरचे गवतयंत्र मध्यमवर्गीयांच्या अंगणापर्यंत आणले.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तेथे अंगणे मोठी, म्हणून यंत्रावर माणूस बसला. बेंजामिन ग्रेव्हली हा वेस्ट व्हर्जिनियातला गृहस्थ पेशाने छायाचित्रकार; मोटरसायकलचे भाग जोडून त्याने चालत्या नांगराचे यंत्र केले आणि १९१६ साली त्याचे पेटंट मिळवले. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांबाहेर बंगल्यांच्या वसाहती वाढल्या आणि बागेच्या ट्रॅक्टरांचा सुकाळ झाला. साउथ बेंडचा ‘व्हील हॉर्स’, १९६१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने काढलेला ‘कब कॅडेट’, १९६३ सालचा जॉन डिअर ११०, ही त्यांतली मानाची नावे. आज छंदी लोक ज्यांच्यामागे धावतात ते बहुधा हेच.

आता मुद्द्यावर येतो. या ट्रॅक्टरांपैकी पुष्कळांत कोहलर कंपनीचे ‘के’ मालिकेतले एक सिलिंडरचे इंजिन असे. त्याचा सांगाडा बिडाचा. सिलिंडर झिजला तर तो लेथवाल्याकडून किंचित मोठा करून घ्यावा आणि त्यात १०, २० किंवा ३० सहस्रांश इंच मोठा पिस्टन बसवावा, अशी सोय कारखान्यानेच केलेली होती. याचा अर्थ काय? यंत्र झिजणार, हे करणाऱ्याने आधीच गृहीत धरले होते. झीज हा त्याच्या लेखी मृत्यू नव्हता, आयुष्याचा भाग होता. काय बदलायचे आणि काय कायम ठेवायचे, हे त्याने यंत्राच्या घडणीतच लिहून ठेवले आहे. दुरुस्ती करणाऱ्याने ते नीट वाचावे, एवढेच.

आमच्या तंबोऱ्याचे हेच आहे. तारा तुटतात, बदलाव्या लागतात. घोडीवर तारांची घळ पडते, मग जवारी पुन्हा काढावी लागते. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या हेच काम केले आहे. तार नवी घातली म्हणून तंबोरा नवा झाला असे कोणी म्हणत नाही. आणि जुन्या तारा ‘मूळच्या’ म्हणून गंजू दिल्या तर त्याला कोणी जतन म्हणत नाही. भोपळा, दांडी आणि आवाज टिकला पाहिजे. काचेच्या कपाटात मुका बसलेला तंबोरा पाहिला की मला वाईट वाटते. शेडमध्ये मुके पडलेले गवतयंत्र पाहूनही तसेच वाटावे, असे माझे म्हणणे आहे.

कृतीविषयी चार गोष्टी सांगतो. बरीच वर्षे पडून असलेले यंत्र हाती लागले की उत्साही माणूस पहिल्याच दिवशी दोरी ओढून ते सुरू करू पाहतो. तसे करू नये. इंजिन अडकले असेल तर प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे आणि दोन-चार दिवस वाट पाहावी. हातोडी उचलू नये. पेट्रोलच्या टाकीतला गंज आणि कार्ब्युरेटरमध्ये साचलेला चिकट राळेसारखा मळ काढावा. इंजिनाभोवतीचे पत्र्याचे आवरण अवश्य उतरवावे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पट्ट्यांत उंदरांची घरटी आणि वाळलेले गवत ठासून बसलेले असते, आणि तसेच चालवले तर इंजिन तापून जळते. पॉइंटांमधील फट वीस सहस्रांश इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवली आणि ठिणगी निळी, जोरकस पडली, की निम्मे काम झाले.

पुढचे काम कानाचे. चार फटक्यांच्या इंजिनात आत ओढणे, दाबणे, भडका आणि धूर सोडणे अशा चार मात्रा असतात. जोर एकाच मात्रेवर पडतो, बाकीच्या तीन जड चाकाच्या वेगावर निघतात. लय राखायचे काम गव्हर्नरकडे. तो बिघडला की इंजिन चढते-उतरते, नवशिक्या तबलजीसारखे धावते आणि मागे पडते. अनुभवी मिस्त्री पान्हा हाती घेण्याआधी नुसता उभा राहून ऐकतो, तो याचसाठी.

हाताने ढकलायच्या यंत्रात तर सगळी परीक्षा ऐकण्याचीच. फिरती पाती आणि खालचे पाते एकमेकांना जेमतेम शिवली पाहिजेत. जास्त दाबली तर यंत्र जड होते आणि धार जाते. सैल ठेवली तर गवत कापले न जाता नुसते चावले जाते. कागदाची पट्टी मध्ये धरून दंडगोल हळू फिरवावा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सारखी कापली गेली पाहिजे. धार बोथटली असेल तर पात्यांना ग्राइंडिंगची पेस्ट लावून दंडगोल उलटा फिरवीत राहावा. मग दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडेथोडे, आळीपाळीने आवळावेत. जुळले की बारीक, अखंड सर्र असा आवाज येतो. जवारी लागल्यावर तार जशी खुलते, तसा हा क्षण असतो. हे करताना हात पात्यांपासून दूर ठेवावेत आणि इंजिन असेल तर आधी प्लगची तार काढावी, हे मुद्दाम सांगतो. कारण बोटे गेली तर बदलून मिळत नाहीत.

रंग सर्वांत शेवटी, आणि तोही गरजेपुरता. पत्रा खात चालला असेल तिथे अवश्य द्यावा. पण मुठीवरचा माळ्याच्या तळव्याने झिजवलेला भाग घासून नवा करण्यात काय साधते? तो व्रण म्हणजे त्या यंत्राचा चरित्रग्रंथ आहे. शिवाय जुन्या रंगात शिसे असते आणि जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. कोरडे घासून त्याची धूळ छातीत घेण्याइतका कोणताही रंग मोलाचा नाही.

माझ्या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, बडिंगच्या काळचे दुर्मिळ यंत्र रोज चालवून झिजवावे काय? मुळीच नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच नग उरले असतील, तर त्यांनी संग्रहालयातच विश्रांती घ्यावी. पण जी हजारोंनी बनली, त्यांना संग्रहालयाची अदब कशाला?

दुसरा आक्षेप वजनदार आहे: ही जुनी इंजिने धूर आणि गोंगाट फार करतात. ते खरे आहे. कॅलिफोर्नियाने २०२१ साली कायदा केला आणि २०२४ सालापासून बनणारी नवी छोटी बागयंत्रे बहुतांशी धूर न सोडणारीच असावीत असा नियम लागू केला. त्याला विरोध करण्याचे कारण मला दिसत नाही. जुना ट्रॅक्टर आठवड्यातून एकदा अर्धा तास चालावा. त्याने सबंध शहराच्या बागा राखाव्यात असे कोणीच म्हणत नाही. हाताच्या यंत्राला तर हा आक्षेप लागूच होत नाही. ते पेट्रोल पीत नाही, वीज खात नाही. आपल्याकडे पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व बुचांना मानवत नाही. म्हणून काम झाले की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

खरी काळजी यंत्रांची नाही, हातांची आहे. बिडाचे इंजिन शंभर वर्षे पडून राहील; त्याची भाषा जाणणारा मिस्त्री राहणार नाही. आजची यंत्रे अशी बनतात की, मालकाला ती उघडताही येऊ नयेत. अमेरिकेत कोलोराडो राज्याला शेतकऱ्याला आपला ट्रॅक्टर आपण दुरुस्त करता यावा म्हणून २०२३ साली कायदा करावा लागला, यावरून काळ कसा आला आहे ते कळते. ज्या यंत्राचा प्रत्येक बोल्ट सुटतो, ते शिकणाऱ्याच्या हाती दिलेले उत्तम क्रमिक पुस्तक आहे. विद्या गुरूच्या समोर बसून घ्यावी लागते, हे गाण्याइतकेच पान्ह्यालाही लागू आहे.

आपल्या संस्थानी शहरांना हे सांगण्याचे कारण आहे. हिरवळ ही कल्पना आपल्याकडे राजवाडे, जिमखाने आणि क्रिकेटची मैदाने यांच्याबरोबर आली. लक्ष्मीविलास राजवाड्याची बाग विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने आखली. हिरवळीमागून यंत्रे आली, आणि आपल्या देशात घोड्यांच्या जागी बैल जुंपून मैदाने कापली गेली. अशी यंत्रे कोणाच्या गोदामात, जिमखान्याच्या मागच्या पडवीत किंवा जुन्या वाड्यात असतील, तर त्यांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे: ती वजनावर मोडीत काढू नका, आणि सोनेरी रंग फासून दरवाजात उभीही करू नका. एखाद्या वयस्क फिटरला बोलवा, त्याच्याबरोबर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतली दोन मुले बसवा, आणि यंत्र चालते करा. मग पावसाळा ओसरल्यावर ते हिरवळीवर एकदा फिरवा. ज्यांना ऐकू येते, त्यांना त्या आवाजाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.