छताला 22 दिवे आणि ओट्यावर अंधार



मागच्या वर्षी आमच्या हिंगोलीच्या घराचं काम काढलं. मुलाची आणि सुनेची हौस होती, म्हणून हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत पीओपीचं छत झालं. कडेनं खोबणी, तिच्यात लपवलेली एलईडीची पट्टी आणि मध्ये गोल गोल स्पॉट. मोजले तर 22! घर बघायला आलेल्या प्रत्येकीनं मान वर करून कौतुक केलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग चातुर्मास लागला. आठवडाही झाला नसेल, एका रात्री जोराचा पाऊस झाला आणि जाळ्या असूनही कुठून कुठून पंखवाले किडे आत आले. दुसऱ्या दिवशी सून शिडीवर चढली, मऊ झाडूनं खोबणी झाडायला लागली, तर सुपलीभर मेलेले जीव खाली आले. ती शिडीवरच थांबली. म्हणाली, "आई, आपण पाणी गाळून पितो आणि हे काय करून बसलो?"

या विषयावर तेव्हापासून मी बरंच वाचलं. किडे दिव्याच्या ओढीनं येतात असं आपण लहानपणापासून ऐकतो. 2024 साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या संशोधनात वेगळं दिसलं. उडताना किडा आपली पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं आणि त्यावरून त्याला वर-खाली कळतं. जवळ दिवा असला की ते गणित चुकतं आणि तो बिचारा तिथेच फिरत राहतो. निळसर पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त येतात, पिवळसर उजेडाकडे कमी. दिव्याच्या खोक्यावर 6500 के लिहिलं असेल तर तो निळसर पांढरा, 2700 किंवा 3000 के म्हणजे पिवळसर. आमच्या छतावर सगळे 6500 वालेच होते. दुकानात विचारायला कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

पण माझं भांडण फक्त किड्यांपुरतं नाही. आपल्याकडे अहिंसाव्रताच्या पाच भावनांमध्ये आलोकितपानभोजन सांगितलं आहे, म्हणजे उजेडात नीट पाहून खाणं-पिणं. उजेड कशासाठी, तर दिसावं म्हणून. आणि आमच्या नव्या स्वयंपाकघरात नेमकं तेच होत नव्हतं. छतावरचे स्पॉट माझ्या पाठीमागे, मी ओट्याशी उभी, त्यामुळे ताटावर माझीच सावली! एका संध्याकाळी चिरलेल्या भेंडीत अळी निघाली, तीही कढईत टाकताना. किती दिवस न दिसता गेल्या असतील, हा विचार आजही मनातून जात नाही.

वयाचाही भाग आहेच. साठीनंतर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, बाहुली लहान होते आणि विशीतल्या माणसाच्या मानानं साधारण तिसरा हिस्साच उजेड आत पोचतो. सुनेला पुरतो तो उजेड मला पुरत नाही, यात तिची चूक नाही आणि माझीही नाही. घराचा आराखडा काढणाऱ्यानं मात्र हे विचारायला हवं होतं की या घरात धान्य कोण निवडतं आणि कुठे बसून.

बी.कॉम.च्या सवयीनं मी हिशेबही मांडला. 22 स्पॉट सात वॅटचे, म्हणजे 154. पट्टी 12 मीटर, मीटरला 12 वॅट, म्हणजे 144. दोन्ही मिळून जवळजवळ 300 वॅट. रोज पाच तास म्हटलं तर दीड युनिट, महिन्याला 45. एवढं जाळून ज्वारीतला पोरकिडा दिसत नाही.

माझ्या माहेरी माळवदाचं घर होतं. मधोमध उजेडासाठी एक झरोका आणि त्याच्याखाली आईचं सूप. ऊन सरकेल तशी तीही सरकायची.

तेव्हा मी दोन गोष्टी मागितल्या. पहिली लगेच झाली: ओट्यावरच्या कपाटाखाली पुढच्या कडेला एक साधी पट्टी, वेगळ्या बटणाची. ती घेताना खोक्यावर सीआरआय 90 बघून घेतला. हा आकडा जितका मोठा तितके रंग खरे दिसतात, हिरव्या भेंडीवरची हिरवी अळी ओळखू येते. दुसरी मागणी जड होती. स्वयंपाकघराची पश्चिमेची खिडकी नव्या उंच कपाटानं अर्धी झाकली होती, ते कपाट मला काढून हवं होतं. मुलगा चिडला. "आई, त्याला पैसे लागलेत," म्हणाला. चार दिवस घरात कुणी धड बोललं नाही. मला माघार घ्यावीशीही वाटली, कारण खर्च खराच होता. शेवटी सूनच म्हणाली, काढून टाकू.

छताचे दिवे आहेत, मी ते उखडायला सांगितलेले नाहीत. आषाढापासून कार्तिकापर्यंत खोबणीतली पट्टी बंद, स्पॉटमधले चारच चालू, तेही पिवळसर. दिवाळीच्या चार रात्रींवरून मुलाचं आणि माझं अजून एकमत नाही.

कपाट आता जिन्याखाली आहे, त्यात माझ्या जुन्या वह्या ठेवल्या आहेत. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेचारला ओट्याशी उभी राहिले तर शेवटची भाकरी उतरेपर्यंत खिडकीतलं ऊन पुरतं.