टपावरचे ऊन आणि छपरावरचे ऊन

पुण्याच्या वायवे मोबिलिटी या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ‘इव्हा’ ही विजेवर चालणारी चिमुकली मोटार सादर केली. दोन मोठी माणसे आणि एक मूल बसेल एवढीच जागा आणि बॅटरीचे पैसे वेगळे मोजायचे असतील तर तेव्हा सव्वातीन लाखांपासून किंमत. पण गाजावाजा झाला तो तिच्या टपावरच्या सोलर पॅनेलचा. बेळगाव-निपाणी पट्ट्यात पावसाळा सोडला तर उन्हाला तोटा नाही. तेव्हा एवढे ऊन फुकट पडत असताना गाडी चार्जिंगला लावायचीच कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. कंपनीचा दावा मात्र मोजका आहे. उन्हावर वर्षाला जास्तीत जास्त तीन हजार किलोमीटर, म्हणजे रोजचे आठ. हा आकडा फसवा नाही, पण त्यावरून सोलर गाडीचे जे चित्र लोकांच्या मनात उभे राहते ते फसवे आहे.

हिशोब अवघड नाही. आपल्या भागात सपाट जागेवर एका चौरस मीटरला वर्षाच्या सरासरीने रोज पाच युनिटच्या आसपास ऊर्जा उन्हातून मिळते. चांगले पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलते. छोट्या मोटारीच्या टपावर दीड चौरस मीटर पॅनेल बसले तर कागदावर दीड युनिट वीज होते. तापलेले पॅनेल कमी वीज देते, धूळ बसली की आणखी घट येते आणि बॅटरीत भरतानाही थोडी वीज वाया जाते. शेवटी हाती येते जेमतेम एक युनिट. हलकी गाडी त्यावर दहा किलोमीटर जाईल, नेहमीच्या आकाराची सात-आठ. बेळगावहून निपाणी सुमारे ७५ किलोमीटर. वंटमुरीचा घाट चढून एकदा तिकडे पोचायला आठवडाभराचे ऊन खर्ची पडणार, आणि तेही गाडी सातही दिवस उघड्यावर उभी केली तर. बेळगावात तर उन्हाळ्यात कॅम्प भागातल्या झाडांखाली गाडी लावायला जागा शोधावी लागते. सावलीत लावावी तर पॅनेल निकामी, उन्हात लावावी तर बसताना आत भट्टी. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते तेव्हाचे उत्पादन तर विचारायलाच नको. युनिटला सात रुपये धरले तरी वर्षाची बचत अडीच हजारांच्या फारशी पुढे जात नाही.

तंत्रज्ञान सुधारेल, असे यावर म्हटले जाते. सुधारेलही. पॅनेलची क्षमता वीस टक्क्यांवरून तीसवर गेली तर दहा किलोमीटरचे पंधरा होतील. टपाची लांबी-रुंदी मात्र वाढणार नाही. नेदरलँड्सच्या लाइटइयर कंपनीने टप, बॉनेट आणि मागचा भाग मिळून पाच चौरस मीटर पॅनेल बसवले आणि रोज सत्तर किलोमीटरपर्यंतचा दावा केला. गाडीची किंमत झाली अडीच लाख युरो. जानेवारी २०२३ मध्ये उत्पादन थांबले आणि गाडी बनवणारी उपकंपनी दिवाळखोरीत गेली. पुढच्याच महिन्यात जर्मनीच्या सोनो मोटर्सने आपली ‘सायन’ ही सोलर मोटार गुंडाळली. तिथे ऊन कमी होते हे खरे, पण टपावरच्या पॅनेलला अर्थ यावा म्हणून सगळी गाडीच हलकी आणि महाग करावी लागते, ही अडचण बेळगावच्या उन्हातही सुटत नाही.

मग चालत्या वाहनावर पॅनेल कुठेच शोभत नाही का? शोभते, पण वाहन संथ, हलके आणि टप ऐसपैस असला तर. केरळात वैक्कम ते तवणकडवू या जलमार्गावर २०१७ पासून ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सोलर बोट चालते. तिच्या छपरावर २० किलोवॉटची पॅनेल मावतात. त्याच वर्षी रेल्वेने डेमू गाडीच्या डब्यांवर पॅनेल बसवली ती दिवे-पंख्यांपुरती, गाडी ओढायला नव्हे. आपल्याकडे या कसोटीला उतरते ती ई-रिक्षा. वेग ताशी २५, किलोमीटरला मोटारीच्या निम्मी वीज, आणि दिवसभर स्टँडवर किंवा रस्त्यावर उन्हातच. तिला तेच एक युनिट वीस किलोमीटर नेते. रोज ८० किलोमीटर फिरणाऱ्या रिक्षावाल्याची पाव धाव फुकट होत असेल तर तो पैसा त्याच्यासाठी खरा आहे.

मोटारवाल्याने मात्र पॅनेल घरावर बसवावे. दक्षिणेकडे योग्य कलाने बसवलेला, वारा लागणारा तीन किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने रोज बारा युनिट देतो. टपावरच्या बारापट. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांचे अनुदान आहे. दिवसा गाडी कामावर असते, मग घरच्या उन्हाचा उपयोग काय, ही शंका नेट मीटरिंगमुळे उरत नाही. दिवसा हेस्कॉम या वीज कंपनीला दिलेली वीज रात्रीच्या चार्जिंगच्या हिशोबात वजा होते. एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. बॅटरी नसलेले छतावरचे संच वीज गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतात, गाडीवरचे पॅनेल मात्र चालूच राहते. पण सात-आठ किलोमीटरच्या आधारासाठी आयुष्यभर ते ओझे वाहणे परवडणारे नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप बेळगावच्या टिळकवाडी-शहापुरातल्या फ्लॅटवाल्यांचा आहे. स्वतःचे छप्परच नाही त्यांनी काय करावे? त्याच योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी, वाहनांच्या चार्जिंगसह, किलोवॉटला १८ हजारांचे अनुदान मिळते. भाड्याने राहणाऱ्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यांच्यासाठी बसस्थानके, बाजार समित्या, साखर कारखाने आणि महाविद्यालयांच्या वाहनतळांवर सोलरचे मांडव घालणे हाच मार्ग आहे. खाली गाडीला सावली, वर पॅनेलला ऊन, आणि ती वीज कुणा एकाच्या मोटारीत न अडकता जी गाडी येईल तिला. बेळगाव महापालिका आणि निपाणी नगरपालिका यांनी पुढच्या अंदाजपत्रकात एकेका वाहनतळापुरती तरतूद करावी. ग्राहकानेही सोलर टपासाठी जादा पैसे मोजण्याआधी तेवढ्याच पैशांत छपरावर किती युनिट तयार होतात, हे विक्रेत्याला विचारावे.